राख नसलेली वाडी

लग्नाला दहा-अकरा वर्षं होऊन गेली तरी अप्पांनी ऋजुताच्या हातचा चहा घेतला नव्हता. भांडण नाही, तंटा नाही. सून वाडीत आली की सासरे मळ्यातल्या खोपटात मुक्कामाला जात आणि तिची गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली की घरी परतत, एवढंच. एकुलत्या एका मुलाने, मल्लिनाथने, जातीबाहेरची बायको केली हे एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण ती बायको पगार घेऊन मेलेली माणसं मोजते म्हटल्यावर त्यांचं डोकंच फिरलं. अव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्याच दिवशी सुनेला सांगून ठेवलं होतं, की बाई, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असला हा माणूस आहे, तू आपली भाकरी खा नि गप्प बस.

मेलेली माणसं मोजते हे मात्र खरं होतं. ऋजुता इतिहासाची संशोधक, पण राजे, तह, लढाया यांच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न साधा होता: दीडशे-पावणेदोनशे वर्षांमागे पटकीची साथ आली, कॉलऱ्याची, तेव्हा अमुक गावात माणसं किती गेली? आता हे कुणाला विचारायचं? कागदांवर भरवसा नाही. कुठल्या पाटलाने साहेबाच्या धाकाने आकडा कमी लावला, कुणी साऱ्यात सूट मिळावी म्हणून फुगवला, आणि उरलेले कागद वाळवीने खाल्ले. माणसं खोटं बोलतात, कागदही बोलतात. राख बोलत नाही, असं ऋजुता म्हणायची.

तिची युक्ती ऐकण्यासारखी होती. गावाचा मसणवटा बहुधा नदीच्या वळणावर असतो. दर पावसाळ्यात पूर येतो आणि काठावर गाळाचा पातळ थर चढवून जातो. पुढच्या पुरापर्यंत जेवढी प्रेतं जळतील तेवढी राख आणि हाडांचा चुरा त्या थरावर पडतो, आणि नवा गाळ त्याला झाकून टाकतो. चिरोट्याला पदर असतात तसे हे पदर, एकेका वर्षाचा एकेक. ऋजुताच्या गटाने करंगळीएवढी पोकळ सळई तयार केली. ती जमिनीत खोल घालायची, मातीची अखंड कांडी वर काढायची आणि पदरापदरातला हाडांचा चुना मोजायचा. एक माणूस जळाल्यावर किती चुना उरतो हे ठाऊक, त्यातला पुराने किती वाहून नेला याचा अंदाज ठाऊक. भागाकार केला की माणसं. लहान मुलं पुरतात म्हणून त्यांच्यासाठी वेगळा हिशोब. कबरस्तानं आणि दफनभूमी सरकारी नकाशावर असतात, तिथली मोजणी वेगळी. शिवाय त्या त्या सालचा पाऊस, ज्वारीचे भाव, मिठाचा खप. हे सगळं जोडून जी यंत्रणा उभी राहिली तिचं नाव तिने ठेवलं ‘मागमूस’. मागमूसला गाव आणि साल सांगा, मेलेले किती ते तो सांगणार. मल्लिनाथ पुण्यात कॉलेजात भूगोल शिकवायचा, आणि घरी बायकोला चित्रगुप्तीणबाई म्हणायचा.

चित्रगुप्तीणबाईंच्या मोजणीत एक दिवस सासरचंच गाव आलं. भीमेच्या काठी कोंढेवळण, आणि गावाच्या शिवेला लागून, त्याच ओढ्याचं पाणी पिणारी लिंगायत माळ्यांची वाडी. पंधरा-वीस उंबऱ्यांची, आणि गावाच्या दृष्टीने शिवेबाहेरची. जुन्या काळी पटकी आली की कोंढेवळण मरीआईचा गाडा काढायचं. लाकडी गाड्यात देवी बसवायची, हिरवा चुडा, लिंबं, शिजवलेला नैवेद्य ठेवायचा, आणि वाजतगाजत ओढत नेऊन शिवेपलीकडे सोडून यायचं. गेली आई दुसऱ्याच्या दारी. दुसऱ्याचं दार म्हणजे वाडी. तेव्हा गावापेक्षा वाडीतच जास्त माणसं गेली असणार, असं ऋजुताने धरलं होतं.

मागमूसने उलटंच सांगितलं. नोंद असलेल्या पाचही मोठ्या साथींत गावच्या मसणवट्यावर राखेचे जाड काळे पदर. वाडीच्या बाजूचा सगळा काठ सळईने चाळून काढला, तिथे चिमूटभर राख नाही. एरवी वाडीची माणसं आपली प्रेतं गावच्या मसणवट्यावर नेत असतील, असं म्हणावं, तर साथीत गाव शीव बंद करायचं. म्हणजे वाडीला आपल्याच काठावर सरण रचावं लागलं असतं. सरण रचलेलं नाही. याचा अर्थ उघड होता, निदान ऋजुताला तरी तो उघड वाटला: तेच पाणी, तोच रोग, वर दारात आणून सोडलेला नैवेद्य, आणि तरी वाडीत कुणी मेलं नाही. पटकीने पिढ्यान्‌पिढ्या गाळून ठेवलेलं काहीतरी या माणसांच्या रक्तात होतं. असलं कवच एका जनुकात नसतं, दहा-वीस जनुकांच्या मेळात असतं. रक्त तपासून ते सापडत नाही. ते इतिहासातच दिसतं, आणि इतिहास मागमूसला दिसत होता.

नियमाप्रमाणे वाडीतल्या एका जाणत्या माणसाला विचारून खात्री करायची होती. ऋजुताचा सहकारी फोनवर अप्पांशीच बोलला. अप्पा म्हणाले, आमच्यात त्या रोगानं कुणी गेलं नाही. झालं, रकाना भरला.

बातमी पेपरात आली आणि वाडीचे दिवस पालटले. ज्या ग्रामसभेत वाडीच्या माणसांनी कडेला, चपलांजवळ बसायचं, तिथे अप्पांना पुढे खुर्ची मिळाली. शाल मिळाली, नारळ मिळाला. सरपंच भाषणात म्हणाले की आपल्या वाडीच्या रक्तात अमृत आहे. त्या आठवड्यात ऋजुता वाडीत गेली तेव्हा अप्पा मळ्यात गेले नाहीत. ओसरीवर बसून राहिले. बराच वेळ त्यांनी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली, मग विचारलं, की यंत्रानं असं नक्की सांगितलं का? ती म्हणाली, नक्की.

“बरं,” ते म्हणाले. “सूनबाई, चहा टाक जरा.”

अव्वांनी आत चुलीपाशी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. सासू-सुना दरवर्षीप्रमाणे बांधावर बेल खुडायला गेल्या. बांधावर बेलाच्या झाडांची लांब रांग होती, काही झाडं म्हातारी, वाकलेली. खुडलेली पानं दोघींनी मळ्यातल्या आजेसासऱ्यांच्या समाधीवर वाहिली. ऋजुताने चौथऱ्याला हात लावून नमस्कार केला. इतकं सुख तिला सासरी कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी पटकी पुन्हा आली. धरणांत गाळच उरला होता, टँकरचं पाणी कुठून येतं ते कुणी विचारत नव्हतं, आणि हा जिवाणू नव्या चालीचा होता. औषधांना दाद देत नव्हता. सलाईन लावूनही सकाळचा धडधाकट माणूस संध्याकाळपर्यंत चिपाड होऊन जायचा. लस होती, पण राज्यात दहा माणसांमागे एकाला पुरेल एवढीच. ती कुणाला द्यायची?

सरकारने मागमूसला विचारलं. ज्या गावांत जुन्या साथींत जास्त माणसं मेली ती लाल, त्यांना लस आधी. मधली पिवळी. जिथे कुणी मेलंच नाही ती हिरवी, ती सर्वांत शेवटी. या योजनेचा कणा म्हणजे एक नियम होता आणि तो ऋजुताने स्वतः लिहून दिला होता: रंग बदलायचा तर फक्त मोजलेल्या पुराव्याने. कुणाची चिठ्ठी नाही, फोन नाही, रडारड नाही. एका मंत्र्याचं गाव पिवळं निघालं, त्याने आकाशपाताळ एक केलं, तरी रंग बदलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऋजुताच्या आईने तिची दृष्ट काढली.

वाडी हिरवी होती, त्यामुळे वाडीला लस नाही. त्याला कुणाची हरकत नव्हती. पुढची गोष्ट वरकरणी तितकीच शहाणपणाची होती: कोंढेवळणमध्ये लशीआधीच लागण झालेल्या आजाऱ्यांना ठेवायला जागा हवी, शुश्रूषेला माणसं हवीत, आणि शेजारीच अशी वस्ती आहे जिला रोग लागत नाही. वाडीच्या शाळेत खाटा पडल्या. वाडीच्या बायका-पुरुषांनी मान ताठ ठेवून बादल्या उचलल्या. ज्या गावाने आजवर यांच्या हातचं पाणी घेताना नाक मुरडलं त्याच गावाच्या तोंडाला आता ही माणसं पाणी लावत होती. अव्वा तर शाळेतच राहायला गेल्या.

मल्लिनाथलाही राहवेना. ऋजुता कामावर होती म्हणून दोघांच्या नावाने लस आली होती. तिने घेतली. त्याने आपली सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मंगलमावशींना देऊन टाकली आणि बॅग भरायला घेतली.

“मला काय करायची लस?” तो हसत म्हणाला. “तूच सांगितलंयस ना, चित्रगुप्तीणबाई. आमचं नाव तुझ्या वहीत नाही.”

तिने त्याला अडवलं नाही. अडवायचं कारणच नव्हतं. उलट त्याची बॅग तिनेच बंद करून दिली, वर अव्वांसाठी सुपारीचा डबा ठेवला. तिला नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही.

तेराव्या-चौदाव्या दिवशी त्याचा फोन आला. अव्वा गेल्या होत्या. पहाटे पोट बिघडलं आणि दुपारी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले वय होतं, हृदय थकलं होतं. मल्लिनाथ तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला, वय होतं गं, वय होतं.

ऋजुता पोचली तेव्हा मळ्यात, आजेसासऱ्यांच्या समाधीच्या अंगाला, चार माणसं खड्डा खणत होती. हातमोजे, तोंडाला फडकी. वाडीच्या चालीप्रमाणे अव्वांना बसवलं होतं, कपाळाला विभूती, मांडीत बेलाची पानं. मठाचे स्वामी मंत्र म्हणत होते. मल्लिनाथचे डोळे खोल गेले होते. मग अव्वांना बसल्या अवस्थेतच खाली उतरवलं. पहिली माती अप्पांनी लोटली. कुदळ-फावड्यांचा आवाज तेवढा होत राहिला.

ऋजुता रडत होती, आणि रडता रडता तिच्या मनात आलं की लाकडं कुठे आहेत?

एवढंच आलं. ती मटकन बांधावर बसली. लोकांना वाटलं सुनेला सासूचं दुःख अनावर झालं. एका बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

लाकडं नव्हती. सरण नव्हतं. या वाडीने कधीच कुणाला जाळलं नव्हतं. आपल्या माणसाला आपल्याच शेतात बसतं करून पुरायचं, वर माती, ही इथली रीत, आणि ही रीत ऋजुताला ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. बारा श्रावण तिने आजेसासऱ्यांच्या समाधीवर बेल वाहिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सरकारी नकाशावर इथे दफनभूमी नव्हती, कारण ज्याच्या त्याच्या मळ्यात ज्याचं त्याचं माणूस. नकाशावर नाही म्हणून मागमूसने शोधलं नाही. राख सापडली नाही म्हणून कुणी मेलं नाही. जी जागा कोरी होती ती तिने शून्य म्हणून वाचली, आणि त्या शून्याच्या भरवशावर सगळ्या वाडीच्या हातात रोग्यांच्या बादल्या दिल्या.

बाजूला जाऊन तिने आरोग्य आयुक्त खर्डेकरांना फोन लावला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण एका वृद्ध बाईच्या मृत्यूने रंग बदलत नाही, आणि तुमच्या सासरची वाडी आहे म्हणून तर मुळीच बदलत नाही. उद्या प्रत्येक आमदार असाच फोन करेल. नियम तुम्हीच लिहिलाय. मोजलेला पुरावा आणा, तासाभरात लस सोडतो.

मोजलेला पुरावा म्हणजे काय हेही तिनेच लिहिलं होतं. पुरलेल्या माणसाच्या पोटाच्या जागेची माती काढायची. पटकीने गेलेलं असेल तर त्या मातीत जिवाणूच्या जनुकांचे तुकडे दीड-दोनशे वर्षं टिकतात. सळई, माती तपासणाऱ्या यंत्रासकट, तिच्या गाडीतच होती. फक्त ती आता समाध्यांत घालायची होती.

तिने मल्लिनाथला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. चूकही सांगितली आणि सळईचंही. तो ऐकत असताना एकदा मध्येच पोट धरून वाकला, मग सरळ उभा राहिला. त्याला राग आला तो चुकीबद्दल नव्हे, सळईबद्दल.

“अव्वाला ठेवून घटका झाली नाही,” तो म्हणाला. “आणि तू आमच्या आज्यांना टोचायला निघालीस. अजून किती मोजायचंय तुला?”

त्याने पोटावरून हात काढलेला नव्हता, आणि ती त्या हाताकडे बघत होती.

अप्पा केव्हा मागे येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नाही. त्यांनी काही विचारलं नाही. सुनेच्या गाडीतून सळईची पेटी स्वतः काढली, खांद्यावर घेतली आणि चालू लागले. ऋजुताला वाटलं ते पेटी ओढ्यात फेकायला निघाले आहेत. ते समाधीपाशी थांबले नाहीत. बांधावरून थेट बेलाच्या रांगेपाशी गेले आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याशी त्यांनी पेटी खाली ठेवली.

“हितनं सुरू कर,” ते म्हणाले.

ऋजुताला समजेना. मग अप्पांनी सांगायला सुरुवात केली, झाडाकडे बघत, तिच्याकडे नाही. वाडीची रीत अशी, की मरीआईनं नेलेल्या माणसाला चौथरा बांधायचा नाही, दगड ठेवायचा नाही, नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं तर आई परत फिरते. फक्त वर बेल लावायचा. त्या रोगाचं नाव या घरांत कुणी तोंडाने काढत नाही. त्यांच्या आज्याचे तीन भाऊ, दोन भावजया आणि पोरं किती ते देवाला ठाऊक, सगळी या रांगेत होती. पुढे वाडीतल्या बाकी घरांची माणसं, रांग ओढ्यापर्यंत जात होती.

“फोन आला तवा मी न्हाई म्हणालो,” अप्पा म्हणाले. “आमच्यात बोलत न्हाईत, म्हणून म्हणालो. पर मग तू आलीस. गावानं शाल दिली. मला माहीत हुतं गं पोरी. पण इतक्या वर्षांनी कुणी खुर्ची दिली, म्हटलं यंत्र म्हणतंय तर असंल.” त्यांनी बेलाच्या बुंध्यावर हात ठेवला. “गावानं गाडाच आणून सोडला पुन्हा. आम्ही तो घरात घेतला.”

मल्लिनाथ बापाकडे बघत राहिला. मग त्याने पेटी उघडली आणि सळई बायकोच्या हातात दिली. त्याचा हात गार लागला.

संध्याकाळ पडेपर्यंत तिने रांगेतल्या एकेका झाडाखाली सळई घातली. अप्पा प्रत्येक झाडापाशी आधी हात जोडायचे, मग बाजूला व्हायचे. कांड्या वर येत होत्या आणि पेटीतलं यंत्र एकेक माती चाखून सांगत होतं: आहे. आहे. आहे. म्हाताऱ्या बेलांखाली जुन्या साथी, वाकलेल्यांखाली त्याहून जुन्या, आणि एका झाडाखाली एकावर एक तिघं. ओढ्याजवळ पोचेपर्यंत मागमूसने वाडीचा रंग बदलला होता. कोंढेवळणपेक्षा वाडीतली माणसं कितीतरी जास्त गेली होती. अख्ख्या तालुक्यात इतकी लाल जागा दुसरी नव्हती.

खर्डेकरांनी शब्द पाळला. लशीची गाडी उजाडायच्या आत वाडीत आली. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली, आणि बादल्या वाहणाऱ्या बायकांना नर्सने समजावून सांगितलं की लस अंगात मुरायला आठ-दहा दिवस लागतात, आधीच लागण झालेल्याला तिचा उपयोग नाही. मल्लिनाथ त्या रांगेत नव्हता. तो शाळेच्या आत खाटेवर होता. ऋजुता त्याच्या उशाशी बसून चमच्याने मीठसाखरेचं पाणी घालत होती आणि ते जसंच्या तसं बाहेर येत होतं.

दुपारी तो थोडा शुद्धीवर आला. तिने त्याची माफी मागितली. तिला बरंच काही म्हणायचं होतं पण ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, की मला माहीत होतं रे, मला माहीत होतं आणि मला सुचलं नाही. त्याने तिचा हात धरला होता. पकड फारशी नव्हती.

“बाकीच्या हिरव्या गावांना कुणी विचारलंय का?” त्याने विचारलं.

त्याने डोळे मिटले. तिसऱ्या प्रहरी तो गेला. अव्वांच्या शेजारी त्याला बसवलं, कपाळाला विभूती लावली, मांडीत बेल ठेवला. पहिली माती या वेळीही अप्पांनाच लोटावी लागली.

वाडीतली आणखी नऊ-दहा माणसं गेली. लशीमुळे बाकीची वाचली, असं नंतर सरकारने जाहीर केलं, आणि ते खोटंही नव्हतं. राज्यातल्या हिरव्या जागा नव्याने तपासायचा हुकूम निघाला. ऋजुताने राजीनामा लिहिला होता, तो तिने फाडला. कुठे मृतांना पुरणाऱ्या गोसाव्यांची वस्ती निघाली, कुठे धरणात बुडालेल्या गावाचा मसणवटा, कुठे नुसत्याच कोऱ्या जागा, ज्यांना कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. आता यंत्राआधी माणूस जाणार होता. दारात बसायचं, पाणी मागायचं, आणि तोंडाने विचारायचं. या मोजणीचं पहिलं घर तिने स्वतःकडे घेतलं.

श्रावण लागला होता. अप्पा ओसरीवर बसले होते. ते मळ्यात निघून जातील असं तिला वाटलं होतं, गेले असते तर बरंही वाटलं असतं. तिने आत जाऊन चहा टाकला, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. बांधावर बेलाची दहा-बारा नवी रोपं दिसत होती, त्यांना बाभळीच्या काट्यांची कुंपणं केली होती. तिने कागद काढला. इतर सगळ्या घरांत विचारायचा तोच प्रश्न होता, त्यात एक अक्षर बदलायचा तिला अधिकार नव्हता.

“अप्पा,” ती म्हणाली, “तुमच्या घरातलं कुणी पटकीने गेलंय का?”

शेजारच्या ओसरीवर कुणी सुपाने पाखडत होतं, तो आवाज थांबला. अप्पांनी कपाला हात लावला नाही. ते बांधाकडे बघत होते. मग त्यांनी तो शब्द उच्चारला, जो त्यांच्या बापाने उच्चारला नव्हता आणि आज्यानेही नाही.

“पटकीनं,” ते म्हणाले. “लिही. माझ्या आज्याचा भाऊ सोमलिंग गेला. त्येचा भाऊ इरपाक्ष गेला. त्येची बायको काशव्वा, ओटीत पोर हुतं.” एकेका झाडापाशी थांबावं तसे ते थांबत होते, आणि ऋजुता लिहीत होती. कितीतरी नावं आली, काही अर्धवट, काही नुसतीच थोरली, धाकटी. चहावर साय धरली. “शरणव्वा. माझी बायको.” मग ते थांबले, आणि तिला वाटलं की आता ते पुढचं म्हणणार नाहीत. “मल्लिनाथ,” ते म्हणाले. “माझा मुलगा. तुझा नवरा. लिहिलंस?”

तिने लिहिलं.

अप्पांनी मान पुढे करून त्या कागदाकडे पाहिलं. त्यांना जवळचं वाचता येत नव्हतं.

“आता तरी दिसतो का गं तुझ्या यंत्राला?” त्यांनी विचारलं.

दिसतो, ती म्हणाली.